चौथ्या गिअरचे मूळ

बेंगळुरूहून म्हैसूरकडे जाणारा रस्ता पठारावरून इतक्या सौम्य चढउतारांनी जातो की, जुन्या काळची थोरल्या इंजिनाची मोटार तो बहुतेक टॉप गिअरमध्येच काटील. परंतु म्हैसूर मागे टाकून निलगिरीच्या घाटाला लागताच, सुमारे 760 मीटरांवरून उटीच्या 2,240 मीटरांपर्यंत चढताना, गिअर किती असावेत हा प्रश्न ऐषआरामाचा न राहता इभ्रतीचा होतो. म्हैसूरचे महाराज रोल्स-रॉइस गाड्या सात-सातच्या संख्येने मागवीत, अशी ख्याती आहे. मला मात्र त्या सातापेक्षा गाडीच्या पोटातील तीन आणि चार या अंकांचा इतिहास अधिक मोह घालतो, कारण त्याचा एक धागा थेट कोल्हापूरच्या वाटेवर सापडतो.

सरकत्या चाकांची गिअरपेटी फ्रान्सच्या पानार-लेव्हासोर कंपनीने रूढ केली आणि लुई रनोने सरळ जोडणीचा, म्हणजे इंजिनाची गती मधल्या दातेरी चाकांविना थेट पुढे देणारा, टॉप गिअर दिला, हे सर्वश्रुतच आहे.

रोल्स-रॉइसची 40/50 अश्वशक्तीची गाडी, म्हणजे पुढची प्रख्यात सिल्व्हर घोस्ट, आरंभी चार गिअरांची होती. सरळ जोडणी तिसऱ्याला, आणि चौथा केवळ सपाटीवर इंजिनाला उसंत देऊन धावण्यासाठी. याच जातीची ‘पर्ल ऑफ द ईस्ट’ नामक गाडी 1908 साली मुंबई–कोल्हापूरच्या 620 मैलांच्या परीक्षेत सह्याद्रीचे घाट पार करून यशस्वी झाली आणि ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांच्या पदरी रुजू झाली. आणि पुढच्याच वर्षी कारखान्याने तो चौथा गिअर रद्द केला! गिअर बदलताना दातांची खरखर होई, बदलण्याचे कसब थोड्यांनाच साधे, आणि टॉप गिअर न सोडता चढ चढणे हेच गाडीच्या कुलीनतेचे लक्षण मानले जाई. 1911 मध्ये तर लंडन ते एडिंबरो आणि परत हा सारा प्रवास टॉप गिअरवरच करून दाखविण्यात आला.

1912 साली मात्र जेम्स रॅडली या चालकाची तीन गिअरांची रोल्स-रॉइस आल्प्समधील काट्शबर्ग घाटात अडली, आणि 1913 च्या आल्प्स परीक्षेत चार गिअरांच्या गाड्यांनी ती मानहानी धुऊन काढली. यावरून चौथ्या गिअरच्या पुनरागमनाचे श्रेय इतिहासकार सहसा आल्प्सला देतात. 1908 चा चौथा गिअर वरच्या टोकाचा होता, चढावर तो निरुपयोगी, म्हणून सह्याद्रीचा दाखला येथे गैरलागू, असा त्यांचा आक्षेप येईल. तो मला मान्य नाही. सपाटीचा कारभार चौथ्याकडे सोपविल्यामुळेच खालचे तिन्ही गिअर चढासाठी मोकळे राहतात. तीनच असले म्हणजे वेग आणि चढ या दोन्ही मागण्या त्यांच्याच माथी येतात, आणि त्यांत नुकसान होते ते पहिल्या गिअरचे. तेव्हा आल्प्सने जो न्याय 1912 मध्ये शिकविला, तो आमच्या घाटांनी चार वर्षे आधीच दिला होता, अशी माझी दृढ धारणा आहे. आणि तीन गिअरांची मधली पिढी बेंगळुरूच्या छावणीतील सपाट रस्त्यांनाच शोभणारी होती, असे मी समजतो.