तार कुठे कापायची?

परभणीत कॉलेजात असताना गिटारची तार पहिल्यांदा मी स्वतः बदलली. नवी तार खुंटीपर्यंत ताणली, बरोबर खुंटीशी पक्कडीने कापली आणि मग गुंडाळायला काही उरलंच नाही. दुकानात सुटी तार नव्हती, अख्खा संच घ्यावा लागला. खरं तर खुंटीपुढे दोनेक इंच तार सोडायची, दोन-तीन वेढे बसू द्यायचे आणि सूर लागल्यावरच शेपूट छाटायचं. वेढे मारलेली जाड तार कापायच्या जागेपाशी आधी वाकवायची, नाहीतर वरचा वेढा सुटत जातो.

हे कोणी सांगितलं नव्हतं. पण तार मापणारी माणसं आमच्याकडे गिटारच्या कितीतरी आधीपासून होती. परभणी म्हणजे गोंधळमहर्षी राजारामबापू कदमांचं गाव. गोंधळात संबळाच्या सोबतीला तुणतुणं असतं: लाकडी नळकांडं, तळाला कातडं, कातड्याच्या मधोमध अडकवलेली तार आणि ती ताणायला बाजूच्या काठीवर खुंटी. इथे माप म्हणजे ती काठीच. तार एकच, त्यामुळे ती गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे चढवायची किंवा उतरवायची, बास.

गिटारला ही चैन नाही. सहाही तारांची कंप पावणारी लांबी साधारण 65 सेंटिमीटर, म्हणून सूर वेगळे करायचे ते जाडी आणि ताण बदलून. हा हिशेब फ्रान्सच्या मार्सेन नावाच्या पाद्र्याने 1636 साली ग्रंथात मांडला. तारेची लांबी निम्मी केली की सूर एक सप्तक वर जातो. लांबी तीच ठेवून तेवढंच चढायचं तर ताण चौपट लागतो. तार तुटते ती याच हावेपायी.

तार कशाची, हे मात्र बऱ्याचदा संगीताबाहेरच ठरलं. गिटारच्या तारा पूर्वी जनावरांच्या आतड्याच्या असत. दुसऱ्या महायुद्धात ती आतडी जखमा शिवायच्या दोऱ्यासाठी जाऊ लागली, वादकांना तारा मिळेनात. तेव्हा न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टिन यांनी नायलॉनच्या तारा करून पाहिल्या आणि सेगोवियासारख्या वादकाने त्या उचलून धरल्या. आपल्या मिरजेची गोष्ट उलट्या दिशेची. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांचं काम आटलं, आणि त्यांच्यातले फरीदसाहेब तंतुवाद्यांकडे वळले. भोपळा पंढरपूरकडचा, हात शस्त्रांवर बसलेला. त्याच मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. ते दीडशे वर्षं आधी मिळायला हवं होतं, असं माझं आपलं मत!

माझी आखूड तार मी फेकणारच होतो. शेजारचे एक काका गोंधळात तुणतुणं धरायचे, त्यांनी ती मागून घेतली. टोकाचा पितळी मणी कातड्याखाली अडकवला, तार काठीच्या खुंटीला नेली. तिथे ती चार वेढे होऊनही उरली.

“बघ,” काका म्हणाले, “आता छाट.”