एक्सलेटरची वायर आणि उस्तादाचा कान

आमच्या लोहाऱ्याच्या नावातच लोहार ऐकू येतो. गाव यवतमाळला लागून, शेजारी एमआयडीसी. लोखंडाशी हाताने बोलणारी माणसं इथे परकी नाहीत. विदर्भातल्या कोणत्याही गावी मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानापुढे पाच मिनिटं थांबा, ‘उस्ताद’ ही हाक कानावर येतेच. हाक मारणारा कोणत्या धर्माचा आहे याने फरक पडत नाही. या धंद्यात आपली माणसं बरीच, म्हणून धंद्याचे शब्दही आपल्या बोलीतले. या उस्तादाची विद्या गेल्या वीस वर्षांत सीटखालच्या एका बंद डब्यात कशी शिरली, तो इतिहास आज पाहू.

सुरुवात एका वायरपासून करू. जुन्या गाडीत उजव्या मुठीपासून निघालेली पोलादी वायर थेट कार्बोरेटरपर्यंत जायची. मूठ फिरली की वायर ओढली जाई, आतली स्लाइड वर सरके, हवा आत धावे आणि जाताना पेट्रोल ओढून नेई. हात आणि इंजिन यांच्यामध्ये तिसरं कुणी नव्हतं.

अडचण अशी की हवा हलकी आणि पेट्रोल जड. मूठ एकदम पिरगाळली की हवा आधी पोचते, पेट्रोल मागे राहतं. इंजिन क्षणभर घुटमळतं, मग झटक्याने उसळतं. हे घुटमळणं कमी करणं हीच उस्तादाची कला. एअर स्क्रूची पाव फेरी, सुईची एखादी खाच खाली-वर, आणि कान सायलेन्सरकडे. प्लगचं टोक काळं म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरं म्हणजे कमी. मे महिन्यात यवतमाळची हवा तापून विरळ होते, डिसेंबरच्या पहाटे ती दाट असते, म्हणून एकच सेटिंग बारा महिने चालत नाही. हे शागीर्दाला पुस्तकातून नव्हे, उस्तादाच्या ओरड्यातून समजायचं.

यंत्राने स्वतःच स्वतःला सावरावं, ही कल्पना मात्र फार जुनी. नवव्या शतकात बगदादच्या बनू मूसा भावांनी ‘किताब अल-हियल’ लिहिली. पाण्याची पातळी बदलली की आपोआप उघडणाऱ्या-मिटणाऱ्या झडपा त्यात आहेत. कार्बोरेटरच्या वाटीतला फ्लोट पेट्रोलची पातळी राखतो तो याच तत्त्वावर. 1206 मध्ये अल-जझरीने आपल्या ग्रंथात अशी कितीतरी यंत्रं आकृत्यांसह मांडली. पण म्हणून ‘मोटारसायकल आपणच शोधली’ असा फॉरवर्ड कुणी पाठवू नये. ग्रीक कारागिरांनी तरंगत्या झडपा त्याही आधी वापरल्या होत्या. हुनर कुणा एका कौमची जहागीर नसते, तो हातातून हातात जातो.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. 2001 मध्ये बजाजची पल्सर आली आणि साध्या घरातल्या पोरांना वेगाची चव लागली. 2007 मध्ये पल्सर 220 इंजेक्शन घेऊन आली. कार्बोरेटर गेला, सेन्सर आले, पेट्रोल किती फवारायचं ते संगणक ठरवू लागला. गंमत म्हणजे 2009 मध्ये हीच 220 स्वस्त होऊन पुन्हा कार्बोरेटरवर आली. बाजार अजून तयार नव्हता. त्याच 2007 मध्ये बजाजने ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये साडेचौदा टक्के हिस्सा घेतला, आणि 2013 मध्ये पुण्याजवळच्या चाकणहून 390 ड्यूक रस्त्यावर उतरली. तिच्यात इंजेक्शन होतं, एबीएस होतं, पण मुठीची वायर अजून होती.

2017 च्या ड्यूकमध्ये ती वायरही गेली. जगात यामाहाने 2006 च्या आर6 मध्ये हे करून दाखवलं होतं. आता मूठ फक्त अर्ज करते. मूठ किती फिरली ते सेन्सर सांगतो, संगणक वेग, गिअर, तापमान पाहतो आणि एक छोटी मोटर हवेचा पडदा उघडते. पूर्ण पिरगाळलं तरी पडदा पूर्ण उघडेलच असं नाही. ‘रेन’ मोड लावला की तीच मूठ मवाळ वागते, ‘स्पोर्ट’ लावला की तिखट. गाडी तीच, स्वभाव मात्र बटणावर.

दुसरी वाट ब्रेककडून आली. 1988 मध्ये बीएमडब्ल्यूने के100 ला एबीएस दिलं. चाक जाम होऊ लागलं की यंत्रणा क्षणभर ब्रेक सोडते, पुन्हा धरते, सेकंदात कित्येकदा. त्याच चाकांच्या सेन्सरांवर ट्रॅक्शन कंट्रोल उभं राहिलं. मागचं चाक पुढच्यापेक्षा जास्त वेगाने फिरू लागलं, म्हणजे ते घसरतंय, की इंजिनचा जोर कमी करायचा. जुन्या 500 सीसी रेसिंग गाड्यांवर वळणात मूठ जरा जास्त उघडली की मागचं चाक घसरे, मग अचानक पकड मिळे आणि गाडी स्वाराला हवेत भिरकावून देई. ते टाळणारी ही यंत्रणा 2008 मध्ये डुकाटीने 1098 आर या विकत मिळणाऱ्या गाडीवर दिली. 2020 मध्ये चाकणच्या 390 ॲडव्हेंचरमध्ये गाडी किती झुकली आहे ते मोजणारा सेन्सरही आला. 2021 च्या यामाहा आर15 पर्यंत ट्रॅक्शन कंट्रोल कॉलेजच्या पार्किंगमध्ये पोचलं.

कायद्यानेही धक्का दिला. 1 एप्रिल 2019 पासून 125 सीसीच्या वरच्या प्रत्येक नव्या दुचाकीला एबीएस सक्तीचं झालं, आणि 1 एप्रिल 2020 च्या बीएस6 ने कार्बोरेटरला जवळपास निरोप दिला. पण 2019 च्या त्या नियमात 125 सीसीपर्यंतच्या गाडीला दोन्ही ब्रेक एकत्र लागणारं सीबीएस चालत होतं. शेतमजूर, गवंडी, दूधवाला, भाजीवाला बहुतेक याच गाडीवर. ज्याच्या खिशात कमी, त्याच्या गाडीतली अक्कलही कमी.

आता ज्या घरात पोराने हप्त्यावर स्पोर्ट गाडी आणली आहे, त्यांच्यासाठी थोडं. हा डबा हाताची चूक सावरतो, निर्णयाची नाही. ताशी 60 वर धोका ओळखायला एक सेकंद गेला तर गाडी 17 मीटर पुढे जाते. 120 वर 33 मीटर. त्यानंतर ब्रेक लावला तर थांबायला लागणारं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं. हे गणित कोणताही मोड बदलू शकत नाही. टायरची पकडही मोजकीच असते. वळणात झुकताना ती जितकी खर्च झाली, तितकी ब्रेकसाठी कमी उरते. संगणक उरलेली पकड नीट वाटून देतो, नवी पकड तयार करत नाही. एबीएस सुट्या गिट्टीवर थांबायचं अंतर वाढवूही शकतं. आणि काही गाड्यांवर फक्त पुढच्या चाकालाच एबीएस असतं. घेताना हे विचारा. रंग नंतर पाहा.

राहिला उस्ताद. गाडी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावते आणि त्याचा कान काही सांगू शकत नाही. दुखणं वाचायला स्कॅनर लागतो, तो महाग, त्यावरची भाषा इंग्रजी. ज्याने चाळीस वर्षं आवाजावरून इंजिन ओळखलं, तो ग्राहकाला म्हणतो, ‘शोरूमला ने.’ हे वाक्य ऐकायला साधं आहे, पण त्या वाक्याबरोबर त्याच्या घरची चूल थोडी मंद होते.

मला यात यंत्राचा दोष दिसत नाही. एबीएसने जीव वाचतात आणि धूर कमी झाला तो आपल्याच पोरांच्या छातीसाठी. पण कार्बोरेटरची विद्या उर्दू, मराठी, वऱ्हाडी बोलीत हातोहात गेली होती, म्हणून ती शाळा सुटलेल्या पोरालाही मिळाली. सेन्सरची विद्याही तशीच मिळायला हवी. दहावी झालेल्या मुलाने आयटीआय करावं, पण त्याचबरोबर उस्तादाच्या दुकानातही बसावं. त्याने उस्तादाला स्कॅनरवरचे कोड वाचून दाखवावेत, आणि उस्तादाने त्याला शिकवावं की कोड सेन्सरकडे बोट दाखवतो तेव्हा कित्येकदा सेन्सर चांगला असतो, उंदराने कुरतडलेली वायर खराब असते. ती शोधायला अजून डोळा आणि बोटंच लागतात.