नाव एकाचे, हात अनेकांचे

मराठीत चव 'हाताला' असते. एखाद्या सुगरणीच्या हाताला चव आहे असे आपण म्हणतो, तेव्हा पदार्थाचे श्रेय थेट तो रांधणाऱ्या व्यक्तीकडे जाते. ख्यातनाम शेफच्या महागड्या उपाहारगृहात मात्र पदार्थावर नाव एकाचे असते आणि तो घडवणारे हात इतरांचे. या फारकतीचा इतिहास कलाकृतीच्या कर्तृत्वाचा विचार करणाऱ्यांनी पाहण्यासारखा आहे.

१८९० मध्ये ओग्युस्त एस्कोफिए (१८४६-१९३५) लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलात आले. स्वयंपाकघरातील कामाची त्यांनी काटेकोर विभागणी केली : सॉस एकाकडे, भाजणे दुसऱ्याकडे, गोड पदार्थ तिसऱ्याकडे. एकच पदार्थ अनेक हातांतून जाऊ लागला. तरीही पदार्थाला नाव मिळे ते बहुधा पाहुण्याचे. 'पीच मेल्बा' हे नाव गायिका नेली मेल्बा हिच्यावरून आले. १९०३ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांच्या मदतीने आपला पाककृतींचा प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. पाककृती ही संहिता झाली. तिचा प्रयोग कोणीही, कोठेही करावा.

स्पेनमधील कॅटलोनियाच्या किनाऱ्यावर, रोसेस गावाजवळच्या 'एल बुयी'त हा क्रम उलटला. फेरान आद्रिया तेथे १९८४ मध्ये रुजू झाले. १९९७ मध्ये उपाहारगृहाला मिशेलिनचा तिसरा तारा मिळाला. पुढे ते वर्षातून सुमारे सहा महिनेच उघडे असे. एका रात्री जेमतेम पन्नास जण, हंगामात सुमारे आठ हजार. जागेसाठी येणाऱ्या विनंत्या मात्र लाखांच्या घरात. अखेरच्या वर्षांत तीस-चाळीस लहान पदार्थांच्या भोजनाला सुमारे २५० युरो पडत. पाहुण्याने निवडायचे काही नसे. पदार्थांची यादी हाती पडे ती जेवणानंतर. चमच्यात हिरवे ऑलिव्ह येई. ते तोंडात फुटले की कळे, हे फळ नव्हेच : ऑलिव्हच्या रसात कॅल्शियमचा क्षार मिसळून तो अल्जिनेटच्या द्रावणात सोडलेला, आणि रसाभोवती नाजूक पापुद्रा धरलेला. पदार्थ आता पाहुण्याच्या नावाने नव्हे, तर शेफच्या शैलीने ओळखला जात होता.

२००७ मध्ये कासेल येथील 'डॉक्युमेंटा १२' या कलाप्रदर्शनाने आद्रियांना कलावंत म्हणून निमंत्रित केले. त्यांचे दालन एल बुयीतच मानले गेले. प्रदर्शनातून रोज दोघांना तेथे जेवायला पाठवले जाई. भोजन ही कला आहे की नाही, यावर तेव्हा पुष्कळ वाद झाला. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो श्रेयाचा प्रश्न. नाटकाच्या प्रयोगात निदान श्रेयनामावली असते. येथे पदार्थ घडत होते ते दर हंगामात जगभरातून येणाऱ्या, विनावेतन राबणाऱ्या तीसएक प्रशिक्षणार्थींच्या हातांनी. लिसा अबेंड यांच्या २०११ च्या पुस्तकात त्यांची हकिगत आहे. त्यांना विद्या मिळे, एल बुयीचा शिक्का मिळे, हे खरे. गुरुगृही सेवा करून शिकण्याची रीत आपल्यालाही परकी नाही. पण त्या भोजनातून नफा होत नाही, पैसा पुस्तके, व्याख्याने आणि सल्लागारीतून येतो, असे खुद्द आद्रिया सांगत. म्हणजे मिळकत नावाची होती, आणि ते नाव उभे होते विनामोबदला हातांवर.

३० जुलै २०११ रोजी एल बुयी बंद झाले. २०२३ मध्ये त्याच वास्तूत 'एल बुयी १८४६' हे संग्रहालय उघडले. हा आकडा तेथे सूचीबद्ध झालेल्या पदार्थांचा. योगायोगाने तेच एस्कोफिए यांचे जन्मवर्षही. तेथे आता जेवण मिळत नाही. चव जतन करता येत नाही. जतन होते ती संहिता, छायाचित्रे आणि नाव. साहित्याच्या वर्गात आपण ग्रंथकर्त्याचे नाव फळ्यावर लिहून प्रारंभ करतो. त्या नावामागे लेखनिक, संपादक, जुळारी असे किती हात आहेत, हे विचारण्याची सवय या स्वयंपाकघराच्या इतिहासाने लावली, तरी तो वाचणे सार्थकी लागेल.