डॉक्टर येण्यापूर्वीची घटका



डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र आपणांस परिचित आहेच. वयाच्या चौदाव्या वर्षी त्यांस पुत्र झाला आणि अवघ्या दहा दिवसांत तो गेला. हे दुःखच त्यांस अमेरिकेस घेऊन गेले. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषयही आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हाच होता. दुर्दैवाने पुढच्याच वर्षी त्या निवर्तल्या. त्यांच्या मागे स्त्री-डॉक्टर पुष्कळ झाल्या. परंतु त्या बहुधा शहरी राहिल्या. खेड्यात बाई अडली किंवा अपुऱ्या दिवसांचे मूल जन्मले, तर डॉक्टर येईपर्यंत त्यास सांभाळावयाचे कोणी, हा प्रश्न उरलाच.

त्याचे एक उत्तर आपल्याच नगर जिल्ह्याने, म्हणजे आजच्या अहिल्यानगरने, दिले. १९७० साली डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेल्या दांपत्याने जामखेडच्या अवर्षणग्रस्त मुलखात काम आरंभिले. आरंभी त्यांनी शिकलेल्या परिचारिका खेड्यांत पाठविल्या. तो प्रयोग साधला नाही. तेव्हा गावानेच आपल्यातील एक बाई निवडावी आणि तिला शिकवावे, असे ठरले. या बायांपैकी कित्येक निरक्षर होत्या, कित्येक दलित. ज्यांस एरवी उंबरठ्याबाहेर उभे करीत, त्यांनाच बाळंतिणीच्या खोलीत बोलावणे येऊ लागले. गर्भवतीची तपासणी, स्वच्छ बाळंतपण आणि धोका दिसताच दवाखान्याची वाट धरणे, हे त्यांचे काम. प्रकल्पाच्या नोंदींनुसार प्रारंभी हजार जन्मांमागे १७६ अर्भके वर्षाच्या आत दगावत; पंचवीस वर्षांत तो आकडा तिशीच्या आत आला. १९७९ साली आरोळे दांपत्यास मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

हे साधले कशाने? सदतीस आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या बालकाच्या अंगी चरबी थोडी, म्हणून ते लवकर गारठते. पॅरिसमध्ये १८८० च्या सुमारास तार्निये याने अशा बालकांसाठी उबदार पेटी आणली. पुढे शंभर वर्षांनी, पेट्या अपुऱ्या पडल्या तेव्हा, कोलंबियातील डॉक्टरांनी मूल आईच्या उघड्या छातीशी बांधले आणि तीही ऊब कामास आली. दुसरी अडचण दुधाची. चोखणे, गिळणे व श्वास घेणे यांचा मेळ साधारण चौतिसाव्या आठवड्याच्या सुमारास बसतो. त्यापूर्वीचे मूल अंगावर पीत नाही, यात आईचा काही दोष नाही. तिचेच दूध काढून नळीने, अथवा गिळता येऊ लागल्यावर वाटी-चमच्याने, थोडे थोडे द्यावे लागते. पहिले पिवळसर चीकदूध टाकून मध वा गुळाचे पाणी चाटविणे, किंवा मूल मोठे होऊन बाळंतपण अडेल या भीतीने गर्भवतीस अर्धपोटी ठेवणे, या रूढींनी किती जीव गेले असतील!

१९९५ पासून गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांत हीच दिशा पुढे नेली. आरोग्यदूत बाया घरी जाऊन नवजातास ऊब देत, श्वास मोजत, जंतुदोषावर औषध टोचीत. तिसऱ्या वर्षी नवजात-मृत्यूंत सुमारे ६२ टक्के घट दिसली. १९९९ साली तो वृत्तांत ‘लॅन्सेट’ने छापला आणि २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत ही पद्धत देशभर स्वीकारली गेली.

शहरातील सुशिक्षित कुटुंबांस वाटेल, आमच्या हाताशी रुग्णालय आहे, आम्हांस याचे काय? परंतु मूल काचपेटीतून निघून अखेर घरीच येते. ते दूध ओढीनासे झाले, गार पडले, वा त्याचा श्वास जलद चालू लागला, तर ते प्रथम घरच्यांनाच दिसावयाचे. जामखेडच्या निरक्षर बाईने जे ओळखावयास शिकून घेतले, ते आपल्या घरातील पदवीधरांस, पुरुषांससुद्धा, ठाऊक असू नये काय?