संघातले भांडण आणि ते मिटवायची रीत

वर्धापन दिनाच्या या स्मरणिकेत शांतीवर पुष्कळ लिहिले जाईल. आम्ही भांडणावर लिहितो आहोत. कारण भांडण नाही असे घर नाही, चाळ नाही, कमिटी नाही. आणि प्रत्यक्ष तथागतांचा भिक्खूसंघही त्यातून सुटला नव्हता.

बाबासाहेबांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातला (मूळ इंग्रजी, १९५७) रोहिणी नदीच्या पाण्याचा वाद आपण सर्वांनी वाचला आहे. शाक्य आणि कोलिय एकाच नदीवर शेती करीत. मारामारी झाली, दोन्हीकडची माणसे जखमी झाली, आणि शाक्य संघापुढे युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थ नुसता 'युद्ध नको' म्हणून खाली बसला नाही, हे ध्यानात घ्या. आपले दोन, त्यांचे दोन आणि त्या चौघांनी निवडलेला पाचवा, अशा पाच जणांनी तंटा मिटवावा, अशी सूचना त्याने मांडली. मते घेतली, सूचना बहुमताने पडली. पण रीत सांगितली गेली. हंडा आधी कुणी लावला यावरून नळावर डोकी फुटलेली पाहिलेल्या आम्हा चाळकऱ्यांना हा वाद काही परका वाटत नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले की, बसण्याची व्यवस्था, ठराव, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान हे सगळे नियम भिक्खूसंघाला ठाऊक होते. ते नियम विनयपिटकात आहेत. वाद मिटवायचे तिथे सात प्रकार सांगितलेत. सगळे इथे मांडत नाही, तीनच बघू.

पहिला संमुखविनय. म्हणजे दोन्ही पक्ष समोर असल्याशिवाय निकाल नाही. आम्ही गिरणीत साचाखात्यात होतो तेव्हा दिवसपाळी आणि रातपाळीचा रोजचा वाद असायचा, साचा कुणी बिघडवला म्हणून. जॉबरला जो आधी भेटेल त्याचे खरे! पण दोघांना साच्यापुढे उभे केले की अर्धे भांडण तिथेच मिटायचे. पाठीमागे बोललेले माणूस तोंडावर बोलत नाही.

दुसरा बहुमताचा. रंगीत शलाका, म्हणजे काड्या वाटून मत घेत. काड्या वाटणारा कसा असावा? लोभाने, द्वेषाने, मोहाने किंवा भयाने वाकणारा नसावा, आणि कुणी काडी घेतली, कुणी नाही, हे त्याला कळत असावे. आपल्या मंडळांच्या निवडणुकांत एवढे तरी कोण बघतो?

तिसरा आम्हांला सर्वांत मोलाचा वाटतो. त्याचे नाव तिणवत्थारक, म्हणजे गवताने झाकणे. भांडण इतके चिघळले की प्रत्येक शब्द उकरीत बसलो तर संघच फुटेल, तेव्हा दोन्हीकडच्या एकेका जाणत्याने आपल्या बाजूची चूक सभेत कबूल करायची आणि विषय झाकायचा. पण मोठे अपराध यात झाकता येत नाहीत, आणि गृहस्थांशी संबंध असलेलेही नाहीत. बाईमाणसावर हात टाकला, फंडाचे पैसे खाल्ले, आणि मग 'जाऊ द्या, आपलाच माणूस', असे म्हणायला हा नियम नाही.

नियम असले तरी माणसे ऐकतातच असे नाही. यमुनाकाठच्या कोसंबीत एका भिक्खूवर दोष ठेवून त्याला संघाबाहेर काढले. अट्ठकथेत कारण दिलेय ते शौचकूपातल्या भांड्यात पाणी शिल्लक ठेवल्याचे. एवढेसे! दोन तट पडले. तथागतांनी काढणाऱ्यांनाही समजावले आणि काढलेल्यालाही, एकाच बाजूला नाही. तरी भोजनशाळेत हातघाई झाली. 'आमचे आम्ही बघू, आपण स्वस्थ राहावे', असे तथागतांनाच ऐकवले गेले. ते कोसंबी सोडून गेले.

मग ताळ्यावर कुणी आणले? साध्या उपासकांनी. यांना वंदन करायचे नाही, भिक्षा घालायची नाही, असे कोसंबीच्या लोकांनी ठरवले. ना दगड, ना शिवी. नुसते हात आखडले. आम्ही संप पाहिलेली माणसे, ही ताकद ओळखतो.

भांडखोर भिक्खू तथागतांना शोधत श्रावस्तीला निघाले. सारिपुत्ताने विचारले, यांना राहायला जागा कशी द्यावी? तथागत म्हणाले, वेगवेगळी द्यावी. आणि जेवण? ते मात्र सर्वांना सारखे वाटावे. एका पंक्तीला बसवण्याची घाई नाही, पण कुणाला उपाशीही ठेवायचे नाही.

तिथे त्या बाहेर काढलेल्या भिक्खूने आपणहून विचार केला आणि दोष आपला होता असे मानले. संघाने त्याला परत घेतले, आणि सगळ्यांनी मिळून उपोसथ केला.