गोठलेले दव आणि पाण्याचा नळ



पौषातली पहाट आहे आणि आपण सातपुड्यात तोरणमाळला किंवा अक्कलकुवा तालुक्यातल्या डाबच्या पठारावर उभे आहोत, असे समजा. गवताच्या पात्यांवर, पेंढ्यावर, उघड्यावर उभ्या असलेल्या गाडीच्या टपावर मीठ भुरभुरावे तसा पांढरा थर दिसतो. बोट लावले की विरघळतो. हे गोठलेले दव. कडाक्याच्या थंडीत आपल्या नंदुरबार जिल्ह्यात ते पाहावयास मिळते.

आता एक गंमत पाहा. पाणी गोठते शून्य अंशाला. पण अशा पहाटे माणसाच्या छातीच्या उंचीवर उष्णतामापक टांगला, तर तो कित्येकदा तीन-चार अंश दाखवतो. मग जमिनीवरचे दव गोठले कसे? ह्या प्रश्नाला मोठा इतिहास आहे.

अकबर बादशहा लाहोरास असताना उत्तरेच्या पहाडांतून बर्फ येत असे, अशी नोंद ‘आईन-ए-अकबरी’त आहे. पण पहाड ज्याला दूर, त्याने काय करावे? प्रयागच्या बाजूच्या कारागिरांनी तोड काढली होती. सर रॉबर्ट बार्कर ह्या इंग्रज सेनानीने ती पाहून 1775 साली लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात तिचे वर्णन छापले. मोकळ्या मैदानात सुमारे तीस फूट लांब-रुंद आणि दोन फूट खोल खड्डे खणायचे. तळाशी उसाची किंवा मक्याची वाळलेली ताटे वीतभर जाड पसरायची. त्यांवर मातीची उथळ, बिनझिलईची भांडी मांडून संध्याकाळी उकळून निववलेले पाणी ओतायचे. सूर्य उगवण्यापूर्वी त्यांत बर्फ धरलेला असे! आभाळ भरले किंवा वारा सुटला, की मात्र सारी मेहनत वाया. तळ्यावर जिथे बर्फाचा पापुद्राही दिसत नसे, तिथली ही गोष्ट आहे.

ह्याचे कारण 1814 साली विल्यम वेल्स ह्या डॉक्टराने दवावरील आपल्या निबंधात उलगडून दाखवले. निरभ्र रात्री जमिनीवरची प्रत्येक वस्तू आपली उष्णता आकाशाकडे सोडत असते. ढग असले तर ते काही उष्णता परत पाठवतात. वारा असला तर वरची उबदार हवा खाली मिसळते. दोन्ही नसले, की गवताचे पाते भोवतालच्या हवेहूनही गार पडते. खालची ताटे जमिनीची ऊब वर येऊ देत नसत, म्हणून कारागिरांचे पाणी गोठे. ह्याच वेल्सने एक कबुलीही दिली आहे. माळी लोक पातळ चटईने रोपे झाकत, तेव्हा पूर्वी त्याला हसू येई. एवढ्याशा चटईने थंडी कशी अडणार? शोध लागल्यावर कळले की माळीच बरोबर होते. चटई आकाश झाकते, तेवढे पुरते.

आता आपल्या दारच्या नळाकडे वळू. झिऱ्यावरून डोक्यावर हंडा आणण्याच्या दिवसांत पाणी जमिनीच्या पोटातून येई, म्हणून थंडीतही कोमट लागे. आज पाड्यांवर नळ येत आहेत. कातळावर उघडी टाकलेली नळी मात्र गवतासारखीच रात्रभर आकाशाला ऊब देत राहते. पाणी गोठताना सुमारे एक-अकरांश फुगते. एडवर्ड विल्यम्स ह्या तोफखान्याच्या अधिकाऱ्याने 1784-85 च्या हिवाळ्यात कॅनडातल्या क्वेबेक येथे लोखंडी बाँबगोळ्यांत पाणी भरून, बुचे ठोकून ते थंडीत ठेवले. काहींची बुचे दूर उडाली, काही गोळे चक्क फुटले. लोखंडाची ही गत, तर आपल्या नळीची काय कथा! लडाख-काश्मीरकडे नळ गोठणे हा दर हिवाळ्याचा त्रास आहे. आपल्याकडे तशी वेळ क्वचितच येईल, पण उपाय स्वस्त आहेत.

नळी हातभर खोल पुरावी. ते न जमल्यास पेंढा व गोणपाट गुंडाळून वर प्लॅस्टिक बांधावे, कारण ओला पेंढा ऊब धरत नाही. फार थंडीच्या रात्री वरची चावी बंद करून नळीतले पाणी काढून टाकावे. नळी गोठलीच, तर आधी तोटी उघडावी. मग तोटीकडून मागे मागे सरकत कोमट पाण्यात भिजवलेली फडकी लावावी. जाळ मुळीच लावू नये. प्लॅस्टिक वितळते, आणि लोखंडी नळीत वाफ कोंडून ती फुटते. चीर पडली असेल तर ती बर्फ वितळल्यावरच कळते, म्हणून वरची चावी हाताशी असावी.

शिक्षक बंधुभगिनींनो, एका निरभ्र रात्री दोन थाळ्यांत सारखे पाणी घ्या. दोन्हींखाली सारखाच पेंढा घाला. एक थाळी अंगणात उघडी ठेवा, दुसरी मांडवाखाली. पहाटे दोन्हींत उष्णतामापक बुडवून मुलांकडून आकडे लिहून घ्या. आणि मुलांना एक काम सांगा: थंडीत रोप कसे झाकतात, हे घरच्या आजीआजोबांना विचारून यायचे. त्यांच्या उत्तराला हसू नका. वेल्स आधी हसला होता, आणि पुढे त्यालाच आपली चूक लिहून ठेवावी लागली.