लग्न कुणाचं आणि पाट कुणाचा?

‘लग्न’ या शब्दाचा नवरा-नवरीशी मुळात संबंधच नाही. संस्कृतात ‘लग्’ म्हणजे लागणे, चिकटणे. पूर्व क्षितिजाला त्या वेळी जी रास लागलेली असते, तिला ज्योतिषात लग्न म्हणतात. दिवसरात्रीत बारा राशी उगवतात, म्हणजे एक लग्न साधारण दोन तासांचं. त्यातली शुभ घटका साधून अंतरपाट काढायचा. घड्याळं नव्हती तेव्हा भोक पाडलेली वाटी पाण्यावर सोडत. ती बुडाली की २४ मिनिटांची घटका भरली. वेळेचं हे नाव पुढे अख्ख्या विधीला चिकटलं. म्हणून आजही आपण ‘लग्न लागलं’ म्हणतो.

पण हा शब्द सगळ्यांच्या वाट्याला येत नव्हता. बायको वारलेल्या पुरुषाचं कुमारिकेशी पुन्हा लग्नच लागायचं. बाईचा नवरा वारला तर? ब्राह्मणांत आणि स्वतःला वरचं म्हणवणाऱ्या घरांत तिची वाटच बंद. कष्टकरी जातींत वाट होती, पण तिचं नाव ‘पाट’ किंवा ‘मोहतूर’. तोही बहुधा रात्रीचा, वाजंत्रीशिवाय, मोजक्या माणसांत. संसार तोच, राबणं तेच, शब्द मात्र हलका.

१८५६ साली विधवेच्या पुनर्विवाहाला कायद्याची मान्यता मिळाली. त्यातही मेख होतीच. दुसरं लग्न केलं की पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेतला तिचा हक्क संपला! आणि कायदा झाला म्हणून गाव थोडंच बदलतं? १८९३ मध्ये धोंडो केशव कर्व्यांनी गोदूबाई या विधवेशी लग्न केलं, तेव्हा त्यांच्या मुरूड गावाने त्यांच्यावर बहिष्कार टाकला. कायद्याला ३७ वर्षं झाली होती.

आज ‘पाट’ फारसा ऐकू येत नाही. पण मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला ठराव करावा लागला की नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. म्हणजे शब्द गेला, नजर राहिली.

आता लग्नसराईत एवढं करू. घरची विधवा आई, आत्या, काकू मांडवात मागे उभी दिसली, तर तिला ओवाळायला पुढे बोलवू. त्यासाठी मुहूर्त बघायची गरज नाही.